आधी समीकरणाशी ओळख कर, तक्ता नंतर

अगं, आधी ते पाठांतर थांबव. खोलीच्या भिंतीवर तू जो तक्ता चिकटवला आहेस ना, लेजेंडर, हर्माइट, लागेर, चेबिशेव अशी नावं एका बाजूला आणि समीकरण, रोड्रिग्जचं सूत्र, जनरेटिंग फंक्शन, रिकरन्स, वेट असे रकाने दुसऱ्या बाजूला, तो काढून फेक असं मी म्हणत नाही. पण परीक्षा तोंडावर येईपर्यंत त्याच्याकडे बघू नकोस. "ताई, सगळं एकमेकांत मिसळतं, कुठलं वेट कुणाचं तेच कळेनासं होतं," असं तू म्हणालीस. ते तुझ्या स्मरणशक्तीचं दुखणं नाही. वीस सूत्रं वीस वेगळ्या गोष्टी म्हणून डोक्यात कोंबली तर कुणाचीही मिसळतील.

त्या तक्त्यातला एक रकाना बाकी सगळ्या रकान्यांना जन्म देतो. तो म्हणजे समीकरणाचा. तुमच्याकडे बहुधा व्याख्या आधी, मग रोड्रिग्ज, मग रिकरन्स, आणि "ही बहुपदी या समीकरणाचं समाधान करते, सिद्ध करा" असं सगळ्यात शेवटी शिकवत असतील. तू उलट्या बाजूने चल. समीकरण हातात घे आणि त्यालाच विचार, तुझी उत्तरं कशी दिसतात, ती एकमेकांना लंब का असतात, आणि त्यांची मुळं कुठे बसतात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ते देतं. आज मी तुला हे लेजेंडरवर करून दाखवते. बाकीच्यांचं तू करशील.

वही उघड आणि हे लिही:

(१ − क्ष²) य″ − २क्ष य′ + एन(एन + १) य = ०

हे आकाशातून पडलेलं नाही. एखाद्या गोलाभोवतालचं गुरुत्वाकर्षणाचं किंवा विजेचं पोटेन्शियल काढायला लाप्लासचं समीकरण गोलीय सहनिर्देशकांत मांडलं, की कोनाचा भाग सुटा होतो आणि तो हा असतो. इथला क्ष म्हणजे कोनाचा कोसाइन. म्हणजे क्ष = १ हा गोलाचा उत्तर ध्रुव आणि क्ष = −१ हा दक्षिण ध्रुव. हे दोन ध्रुव लक्षात ठेव, सगळी गंमत तिथे आहे.

आता य ही क्ष च्या घातांची मालिका आहे असं धर, समीकरणात घाल, आणि प्रत्येक घाताचे सहगुणक शून्याशी जुळव. तुला हे येतं. हाती असा नियम येईल: के-व्या घाताचा सहगुणक माहीत असेल तर के + २ व्या घाताचा सहगुणक काढायला त्याला [के(के + १) − एन(एन + १)] ने गुणायचं आणि (के + १)(के + २) ने भागायचं. त्या चौकटी कंसाकडे नीट बघ. के वाढत वाढत एन इतका झाला की कंस शून्य होतो. पुढचं पद शून्य, त्याच्या पुढचंही शून्य. जी मालिका अनंत चालली असती ती तिथेच तुटते, आणि तुटलेली मालिका म्हणजेच बहुपदी.

एन = २ घेऊन करून बघ, वरवर वाचून सोडू नकोस. पहिलं पद १ घे. पुढचा सहगुणक (० − ६) भागिले २, म्हणजे −३. त्यापुढचा (६ − ६) भागिले १२, म्हणजे शून्य. संपलं. हाती आलं १ − ३क्ष². क्ष = १ ला किंमत १ यावी असा रिवाज आहे. आत्ता −२ येते, म्हणून −२ ने भाग. मिळालं (३क्ष² − १)/२. तक्त्यात जे पी-दोन लिहिलंय तेच हे, आणि ते तू स्वतः काढलंस.

आता मला सांग, एन पूर्णांकच का? समीकरणात तर कुठेही तशी अट नाही. एन दीड असलं तरी उत्तर असतंच, फक्त मालिका तुटत नाही. ती न तुटलेली मालिका क्ष = १ किंवा −१ जवळ भडकते, लॉगॅरिदमच्या वेगाने अनंताकडे जाते. गणिताला त्याचं काही वाटत नाही. पण ध्रुव हा गोलावरचा इतर बिंदूंसारखाच एक बिंदू आहे, आपण अक्ष कुठे काढला एवढ्यावरून तिथे पोटेन्शियल अनंत होणार नाही. दोन्ही ध्रुवांवर उत्तर शहाणं राहायला हवं असेल तर मालिका तुटायलाच हवी, आणि ती तुटायला एन पूर्णांक हवा.

हा मुद्दा मी एवढा ताणते आहे त्याला कारण आहे. पुढच्या सत्रात क्वांटम मेकॅनिक्समध्ये हायड्रोजनचा अणू येईल. श्रोडिंगरने १९२६ साली तो सोडवला तेव्हा केंद्रापासूनच्या अंतराच्या भागात लागेरच्या घरातलं समीकरण निघालं. तिथे ध्रुव नाहीत. तिथे अट अशी, की फार लांब गेल्यावर तरंग विरून जायला हवा. मालिका तुटली नाही तर तो विरण्याऐवजी फुगत जातो. मालिका तुटावी म्हणून पूर्णांक आला, आणि त्या पूर्णांकातून १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले एन वर्ग अशा ऊर्जेच्या पायऱ्या आल्या. हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये हर्माइटचं समीकरण, तिथेही हेच. मुलं "क्वांटम नंबर" हा काहीतरी गूढ प्रकार आहे असं समजून घाबरतात. तू पी-दोन स्वतःच्या हाताने तोडून काढलंस म्हणजे ते गूढ तू आजच पाहिलंस.

आता लंब असण्याचं. वर्गात बहुतेकींना इथेच धाप लागते, आणि खरं तर हे चार ओळींचं काम आहे. समीकरण जरा वेगळ्या पोशाखात लिही:

[(१ − क्ष²) य′]′ + एन(एन + १) य = ०

पहिली दोन पदं एका कंसाच्या डेरिव्हेटिव्हमध्ये गेली, एवढंच झालं. आता दोन उत्तरं घे, पी-एन आणि पी-एम. पहिल्याच्या समीकरणाला दुसऱ्याने गुण, दुसऱ्याच्या समीकरणाला पहिल्याने, वजाबाकी कर आणि −१ ते १ इंटिग्रेशन कर. डाव्या बाजूला जे उरतं त्याला (१ − क्ष²) ने गुणलेलं असतं आणि ते फक्त टोकांवर मोजायचं असतं. टोकांवर १ − क्ष² शून्य. म्हणून सगळं शून्य. उरतं एवढंच: [एन(एन + १) − एम(एम + १)] गुणिले पी-एन आणि पी-एम यांच्या गुणाकाराचं इंटिग्रल, बरोबर शून्य. एन आणि एम वेगळे असतील तर कंस शून्य नाही, म्हणजे इंटिग्रल शून्य. झाल्या लंब.

इथे एक बारीक गोष्ट, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. एन आणि एम सारखे असले तर हा कंसच शून्य होतो आणि समीकरण काहीच सांगत नाही. म्हणून पी-एनच्या वर्गाचं इंटिग्रल, २/(२एन + १), वेगळ्या वाटेने काढावं लागतं, रोड्रिग्जच्या सूत्राने किंवा जनरेटिंग फंक्शनने. एका हिशोबात दोन्ही का येत नाहीत हे कुणी विचारलं तर तुला आता सांगता येईल.

आणि वेटचं पाठांतर? हाच पोशाख बदलण्याचा हिशोब हर्माइटवर कर. त्याचं समीकरण य″ − २क्ष य′ + २एन य = ०. पहिली दोन पदं आपोआप एका कंसात जात नाहीत. कशाने गुणलं म्हणजे जातील? ई चा घात उणे क्ष वर्ग, याने. आणि ज्याने गुणलंस तेच वेट. लागेरचं समीकरण क्ष य″ + (१ − क्ष) य′ + एन य = ०. ई चा घात उणे क्ष याने गुण, पहिली दोन पदं [क्ष ई^(−क्ष) य′]′ अशी एकत्र येतात. वेट मिळालं. चेबिशेवचं (१ − क्ष²) य″ − क्ष य′ + एन² य = ०, त्याला १ − क्ष² च्या वर्गमुळाने भाग, तिथेही तेच. परीक्षेच्या हॉलमध्ये वेट आठवेना झालं तरी अर्ध्या मिनिटात काढता येतं. स्टुर्म आणि ल्यूव्हिल या दोघांनी १८३६–३७ मध्ये ही सगळी समीकरणं एका छताखाली आणली. तुमच्या पुस्तकात त्यांचं प्रकरण बहुधा वेगळं, पुढे कुठेतरी टाकलेलं असेल. ते आधी वाच.

चेबिशेवला तर घाबरायचं मुळीच कारण नाही. क्ष च्या जागी कोसाइन थीटा घाल, ते अवघड दिसणारं समीकरण य चं थीटाच्या संदर्भातलं दुसरं डेरिव्हेटिव्ह अधिक एन² य = ० एवढंच उरतं. बारावीत सिंपल हार्मोनिक मोशन म्हणून शिकलीस तेच. उत्तर कोसाइन एन-थीटा.

लंब असल्याचा फायदा काय, हे तू विचारलं होतंस. एखादं फंक्शन तू पी-शून्य, पी-एक, पी-दोन यांच्या बेरजेत मांडलंस आणि मग वाटलं की अजून अचूक हवं, पी-तीनही घेऊ, तर आधीचे सहगुणक जिथे आहेत तिथेच राहतात. घरखर्चाच्या वहीत किराण्याची ओळ वाढली म्हणून दुधाचा आकडा खोडावा लागत नाही, तसं. साध्या क्ष, क्ष², क्ष³ वर तसाच वक्र बसवायला गेलीस तर एक पद वाढवलं की सगळे आकडे बदलतात.

रिकरन्ससुद्धा लंब असण्यातूनच निघतो. क्ष गुणिले पी-एन ही एन + १ कोटीची बहुपदी. तिला पी-शून्यापासून पी-(एन + १) पर्यंतच्या बेरजेत मांड. तुझ्या लक्षात येईल की खालच्या बहुतेकांचे सहगुणक शून्य येतात, कारण क्ष उचलून दुसऱ्या बहुपदीला चिकटवला तरी तिची कोटी एन पेक्षा कमीच राहते आणि पी-एन आपल्याहून खालच्या प्रत्येक कोटीला लंब आहे. उरतात फक्त शेजारचे. म्हणून तीन पदांचा नियम. संगणकावर पी-पन्नास काढायची वेळ आली तर हाच नियम वापर. एकेका घाताचे सहगुणक लिहून बेरीज करू नकोस, मोठ्या अधिक-उणे संख्या एकमेकींना खातात आणि अचूक अंक हातात उरत नाहीत.

जनरेटिंग फंक्शन म्हणजे कुणाची तरी चलाख युक्ती असं तुला वाटतंय. तसं नाही गं. केंद्रापासून एक अंतरावर एक बिंदू घे, टी अंतरावर दुसरा, मधला कोन थीटा. कोसाइनच्या नियमाने दोघांमधलं अंतर √(१ − २टी कोसाइन थीटा + टी²). गुरुत्वाचं पोटेन्शियल अंतराच्या व्यस्त, म्हणून एक भागिले हे वर्गमूळ. टी च्या घातांत त्याचा विस्तार केला की सहगुणक म्हणून ज्या बहुपदी येतात त्याच लेजेंडरच्या. १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये लेजेंडर गोलसर ग्रहांच्या आकर्षणाचा अभ्यास करत होते, त्यातून त्या आल्या. तुमच्या पुस्तकात हे वाक्य असतं तर किती बरं झालं असतं.

आणि हे दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणून संपलेलं नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. तिथली त्रिज्या सुमारे ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे सुमारे ६३५७. त्यामुळे तिच्या गुरुत्वात मुख्य पदाखालोखाल जे सगळ्यात मोठं पद येतं ते नेमकं पी-दोनचं, सहगुणक साधारण ०.००१०८. हजारात एक. तुला वाटेल, दुर्लक्ष करावं. पण त्या हजारात एकामुळे उपग्रहाच्या कक्षेची पातळी हळूहळू फिरत राहते. कक्षा ध्रुवांवरून जवळजवळ उभी, ९८-९९ अंशांवर कलती ठेवली आणि उंची बरोबर निवडली, तर ती पातळी दिवसाला एक अंशाहून जरा कमी, म्हणजे वर्षाला बरोबर एक फेरी, इतकी फिरते. मग उपग्रह एखाद्या ठिकाणावरून जातो तो दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला, सावल्या सारख्याच. आपला आयआरएस-१ए १९८८ साली अशाच कक्षेत सोडला होता, सुमारे ९०० किलोमीटर उंचीवर. पिकांचे, धरणांचे फोटो एकमेकांशी ताडून बघता येतात त्यामागे तू आत्ता वहीत काढलेलं (३क्ष² − १)/२ आहे. पुन्हा एकदा बघ त्याच्याकडे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मुळं. तिसऱ्या कोटीची लेजेंडर बहुपदी (५क्ष³ − ३क्ष)/२. तिची मुळं ०, आणि अधिक-उणे ०.६ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७७४६. आता −१ ते १ पर्यंत कुठल्याही फंक्शनचं इंटिग्रेशन करायचं असेल तर फक्त या तीन बिंदूंवर त्याच्या किमती काढ, मधलीला ८/९ ने गुण, कडेच्या दोघींना ५/९ ने, आणि बेरीज कर. क्ष⁴ वर करून बघ. मधली शून्य, कडेला ०.३६. दोनदा ५/९ गुणिले ०.३६, म्हणजे ०.४. खरं उत्तर २/५. तंतोतंत. आता ई चा घात क्ष घे, जी बहुपदी नाहीच. या तीन बिंदूंनी २.३५०३४ येतं, खरं उत्तर २.३५०४०. सिम्प्सनच्या नियमाने तीनच समान अंतरावरचे बिंदू घेतले तर २.३६२०५. तेवढेच कष्ट आणि केवढा फरक.

हे का घडतं? पाचव्या कोटीपर्यंतची कुठलीही बहुपदी घे आणि तिला पी-तीनने भाग. भागाकार जास्तीत जास्त दुसऱ्या कोटीचा, बाकीही दुसऱ्या कोटीपर्यंतची. पी-तीन भागाकाराला लंब, म्हणून त्या भागाचं इंटिग्रल शून्य. आणि पी-तीनच्या मुळांवर पी-तीन स्वतःच शून्य, म्हणून तिथल्या किमतींमध्येही तो भाग दिसत नाही. दोन्हीकडून तो नाहीसा झाला. उरली बाकी, आणि दुसऱ्या कोटीच्या बाकीला तीन बिंदू पुरतात. गाउसने हे १८१४ मध्ये वेगळ्या, लांबच्या वाटेने काढलं. लंबाच्या भाषेतलं सोपं स्पष्टीकरण १८२६ मध्ये याकोबीने दिलं. म्हणून तुला एखादी सिद्धता लांबलचक आणि जडजड वाटली तर लगेच स्वतःला दोष देऊ नकोस. बारा वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी जवळची वाट सापडते, असं या विषयात घडलेलं आहे. पूल आणि इमारतींचे हिशोब करणाऱ्या फायनाइट एलिमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही "गाउस पॉइंट" म्हणून हेच बिंदू असतात. तुझ्या सिव्हिलवाल्या मैत्रिणीला विचार.

त्या मुळांबद्दल समीकरण काय म्हणतं ते आता ऐक. हे तुझ्या अभ्यासक्रमात नसेल, तरी ऐकच. मुळावर य शून्य असतो. म्हणजे लेजेंडरच्या समीकरणातलं शेवटचं पद गळून पडतं आणि उरतं (१ − क्ष²) य″ = २क्ष य′. दुसरीकडे, कुठल्याही बहुपदीच्या साध्या मुळावर य″ भागिले दोनदा य′ काढलं तर ते "एक भागिले बाकीच्या प्रत्येक मुळापासूनचं अंतर" यांच्या बेरजेइतकं येतं. गुणाकाराच्या नियमाने डिफरन्शिएट करून बघ. दोन्ही जोडलं की प्रत्येक मुळासाठी ती बेरीज क्ष/(१ − क्ष²) इतकी. आणि क्ष/(१ − क्ष²) चे दोन तुकडे पाडले तर ते १ आणि −१ या टोकांवर प्रत्येकी अर्धा विद्युतभार ठेवल्यावर लागणाऱ्या ढकलण्याइतके येतात. म्हणजे चित्र असं: एका रेषेवर दोन टोकांना अर्धा-अर्धा भार पक्का बसवलाय, मध्ये एन मोकळे, एक-एक भाराचे मणी आहेत, प्रत्येक जण प्रत्येकाला अंतराच्या व्यस्त प्रमाणात ढकलतोय. ते ढकलत ढकलत जिथे स्थिर होतात तीच पी-एनची मुळं. स्टिल्ट्येसने हे १८८५ मध्ये दाखवलं.

पी-दोनवर ताडून बघ. मुळं अधिक-उणे १/√३. दोघांमधलं अंतर २/√३, त्याचा व्यस्त √३/२. दुसऱ्या बाजूला क्ष/(१ − क्ष²), म्हणजे (१/√३) भागिले (२/३), तेही √३/२. जुळलं ना? मला हे इतकं सुंदर वाटतं की एखाद्या तासाला वेळ उरला की मी मुलांना फळ्यावर करून दाखवतेच. मुळं टोकांकडे दाटीने का जमतात, एकमेकांवर कधीच का पडत नाहीत, हे मग सिद्धतेशिवायही डोळ्यांना दिसतं. आणि ती टोकांकडची दाटी कामाची असते. रुंगेने १९०१ मध्ये दाखवलं, की १/(१ + २५क्ष²) या निरुपद्रवी दिसणाऱ्या फंक्शनवर समान अंतरावरच्या बिंदूंतून बहुपदी बसवली तर बिंदू वाढवू तशी ती टोकांजवळ जास्तच हेलकावते. चेबिशेवच्या मुळांवर बसवली तर शांत बसते.

या साऱ्यांची नावं जशीच्या तशी मनावर घेऊ नकोस. हर्माइटचा लेख १८६४ चा, पण त्या बहुपदी त्याआधी लाप्लासने आणि चेबिशेवने हाताळल्या होत्या. रोड्रिग्जने आपलं सूत्र १८१६ मध्ये दिलं, तो पुढे बँकेच्या व्यवसायात गेला, आणि ते सूत्र इतरांनी नव्याने शोधलं. आणि हा विषय फक्त युरोपातल्या माणसांचा असंही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्याच्या कोसबेनचे, ज्यांना आपण इतिहासकार म्हणून जास्त ओळखतो, त्यांनी १९४३ मध्ये, फर्ग्युसनमध्ये शिकवत असण्याच्या काळात, यादृच्छिक प्रक्रिया परस्परांना लंब अशा फंक्शनांच्या बेरजेत मांडता येते हे दाखवलं. पुढे काही वर्षांनी कारुनेन आणि लोएव स्वतंत्रपणे तिथे पोचले, आणि जगभर बहुतेक ठिकाणी त्या दोघांचंच नाव लागतं. तुला पुण्यात कधी त्या कॉलेजवरून जावं लागलं तर हे आठव, एवढंच.

एक व्यवहाराची गोष्ट, हिने खूप गोंधळ वाचतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली हर्माइट बहुपदी आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकातली हर्माइट बहुपदी सारखी नसते. एकीचं वेट ई^(−क्ष²), दुसरीचं ई^(−क्ष²/२). लागेरच्या बहुपदीला काही पुस्तकांत एन फॅक्टोरियलने गुणलेलं असतं, काहींत नसतं. तुझं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर जुळलं नाही तर आधी हे बघ, मग चूक शोध. वहीच्या पहिल्या पानावर कुठली पद्धत वापरतेस ते लिहून ठेव आणि सत्रभर बदलू नकोस.

आणि हो, "क्लासला गेलेली मुलं धडाधड सूत्रं म्हणतात, मी हळू आहे" हे तू दोनदा म्हणालीस. मी पहिल्यांदा काही बोलले नाही, आता बोलते. त्यांना म्हणू दे. तू पी-दोन तोडून काढायला अर्धा तास घेतलास तरी चालेल, पी-तीनला कमी वेळ लागेल, आणि लागेर आला की हात आपोआप चालेल, कारण अशी समीकरणं फार नाहीतच. दुसऱ्या कोटीच्या आत बसणारे सहगुणक आणि खरंखुरं धन वेट, एवढ्या अटी घातल्या तर याकोबी, लागेर आणि हर्माइट अशी तीनच घराणी उरतात, हे बॉख्नरच्या १९२९ च्या कामातून कळतं. लेजेंडर आणि चेबिशेव दोघेही याकोबीच्याच घरातले. तीन घरं. त्यासाठी रात्री जागून डोळे लाल करून घ्यायची गरज नाही, आणि सकाळचा नाश्ता टाळायची तर मुळीच नाही. आई मला विचारत होती, तू जेवतेस का नीट म्हणून. तिला खरं ते सांगत जा.

आता तुझ्यासाठी एक काम. हर्माइटच्या समीकरणाला टोकंच नाहीत, रेषा दोन्हीकडे अनंत. मग तिथे ते एकमेकांना ढकलणारे मणी पळून का जात नाहीत, त्यांना कोण धरून ठेवतं? मुळावर य शून्य घाल, वरचाच हिशोब कर. दुसऱ्या कोटीची बहुपदी ४क्ष² − २, मुळं अधिक-उणे १/√२, त्यावर ताडून बघ. निघालं की पानाचा फोटो पाठव, खाडाखोड असली तरी तशीच पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, तेव्हा लागेरचं आपण दोघी मिळून करू.